आलियू सिसे : मधल्या फळीतला माणूस



आज आपण सेनेगलच्या आलियू सिसेविषयी बोलणार आहोत. सेनेगल म्हटलं की फुटबॉल बघणाऱ्यांना सादियो माने आठवतो. थोड्या जुन्या मंडळींना एल हाजी दियुफ आठवतो. सिसेचं नाव चटकन कुणाच्या ओठावर येत नाही आणि त्यात नवल काही नाही. तो ज्या जागेवर खेळायचा, त्या जागेवरच्या माणसाकडे प्रेक्षकांचं लक्ष सहसा जातच नाही. पण २००२ मध्ये सेनेगलचा संघ पहिल्यांदा जगाला दिसला, तेव्हा त्याचा कर्णधार सिसे होता. आणि वीस वर्षांनी, २०२२ मध्ये, सेनेगलनं पहिल्यांदा आफ्रिकेचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा प्रशिक्षकाच्या खुर्चीत सिसेच बसला होता.

या दोन टोकांच्या मध्ये जे आहे ते मुख्यतः पराभव आहेत. म्हणून आजचा खरा प्रश्न असा आहे की, हरलेल्या माणसाला किती वेळ द्यायचा? आणि तो वेळ कुणाला मिळतो, कुणाला मिळत नाही? सिसेची कारकीर्द या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार चांगली आहे.

पाणक्याची जागा

आधी त्याची मैदानावरची जागा समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सिसे बचावात्मक मिडफिल्डर होता. बचावफळीच्या पुढं आणि बाकी मधल्या फळीच्या मागं उभा राहणारा खेळाडू. समोरच्या संघाचा हल्ला बचावफळीपर्यंत पोहोचायच्या आत मोडायचा, चेंडू हिसकावायचा आणि आपल्यातल्या हुशार खेळाडूकडे देऊन टाकायचा, हे त्याचं काम. बाजूचा बचावपटू पुढं धावत गेला की त्याची मोकळी जागा यानं भरायची. गरज पडली तर फाउल करायचा आणि पिवळं कार्ड आपल्या नावावर घ्यायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर, हा खिंड लढवणारा गडी.

फ्रान्सचा दिदिए देशाँ याच जागेवर खेळायचा. त्याला एरिक कॉंतोनानं हेटाळणीनं 'पाणक्या' म्हटलं होतं, दुसऱ्यांसाठी पाणी वाहून आणणारा. आता गंमत बघा. हाच देशाँ १९९८ मध्ये कर्णधार म्हणून आणि २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकला. पेप ग्वार्डिओला, कार्लो आन्चेलोत्ती हेही मधल्या फळीतलेच. असं का होत असावं? मला वाटतं, कारण सरळ आहे. आघाडीच्या खेळाडूला गोल दिसतो, गोलरक्षकाला चेंडू दिसतो. मधल्या माणसाला मात्र आपले दहा आणि त्यांचे अकरा कुठं आहेत हे सतत बघावं लागतं. दुसऱ्याची चूक होणार आहे हे चूक व्हायच्या आधी ओळखावं लागतं. प्रशिक्षकाचं काम याहून फार वेगळं नाही.

सिसेचा जन्म २४ मार्च १९७६ चा, झिगिंशोर शहरातला. हे शहर सेनेगलच्या दक्षिणेकडच्या कासामान्स भागात आहे. नकाशा डोळ्यांपुढं आणा. सेनेगलच्या पोटात गाम्बिया नावाचा एक चिंचोळा देश घुसलेला आहे. त्यामुळे कासामान्स हा भाग राजधानी डाकारपासून जवळजवळ तुटल्यासारखा आहे. रस्त्यानं जायचं तर मध्ये दुसरा देश लागतो. म्हणून लोक बोटीनं जातात. ही बोटीची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढं येणार आहे.

नऊ वर्षांचा असताना सिसे फ्रान्सला गेला आणि पॅरिसजवळच्या शाँपिन्यी-सुर-मार्न या उपनगरात वाढला. लील, सेदाँ, पॅरिस सँ-जर्मां, माँपेलिए असे त्याचे क्लब. पुढं इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम सिटी आणि पोर्टस्मथ. कारकीर्द चांगली म्हणायची, पण डोळे दिपवणारी नाही.

२००२ : एका वर्षात तीन गोष्टी

सिसेच्या आयुष्यातलं २००२ हे वर्ष वेगळं काढूनच बघावं लागतं.

पहिली गोष्ट फेब्रुवारीतली. मालीची राजधानी बामाकोमध्ये आफ्रिकी राष्ट्रचषकाची अंतिम लढत, सेनेगल विरुद्ध कॅमेरून. सेनेगल पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचलेलं. सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टी शूटआऊटवर गेला. सेनेगलची शेवटची पेनल्टी घ्यायला कर्णधार सिसे पुढं आला. कॅमेरूनचा गोलरक्षक बुकारनं ती अडवली. कॅमेरून ३–२ नं जिंकलं. म्हणजे ज्या देशानं कधीच आफ्रिकेचा चषक जिंकला नव्हता, त्याची पहिली संधी कर्णधाराच्या पायातून निसटली. ही अशी चूक असते की देश ती विसरत नाही.

दुसरी गोष्ट ३१ मे ची. सोलमध्ये विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना होता, समोर जगज्जेता फ्रान्स. सेनेगल विश्वचषकात पहिल्यांदाच खेळत होतं. पापा बुबा दियॉपनं तिसाव्या मिनिटाला गोल केला आणि सेनेगल १–० नं जिंकलं. त्या दिवशी सेनेगलकडून सुरुवातीला मैदानात उतरलेले अकराही जण फ्रान्समधल्या क्लबांकडून खेळणारे होते. उलट फ्रान्सच्या अकरांतले जवळजवळ सगळे इंग्लंड, इटली, जर्मनीत खेळत होते! जुन्या राज्यकर्त्या देशाला त्याच्याच अंगणात शिकलेल्या मुलांनी हरवलं. पुढं स्वीडनला हरवून सेनेगल उपांत्यपूर्व फेरीत गेलं आणि तिथं तुर्कस्तानकडून गोल्डन गोलवर हरलं. कॅमेरूननंतर इथवर पोहोचलेला तो आफ्रिकेतला दुसराच संघ. या संघाचे प्रशिक्षक होते ब्रुनो मेत्सू, फ्रेंच गृहस्थ.

तिसरी गोष्ट सप्टेंबरमधली. झिगिंशोरहून डाकारला जाणारी 'ले जूला' ही बोट २६ सप्टेंबरच्या रात्री गाम्बियाच्या किनाऱ्याजवळ वादळात उलटली. बोटीची क्षमता सहाशेच्या आतली होती. तिच्यावर त्याच्या तिपटीहून जास्त माणसं होती. सरकारी आकड्यानुसार १८६३ माणसं बुडाली. वाचली फक्त ६४. टायटॅनिकपेक्षा मोठी ही दुर्घटना, पण आपल्यापैकी किती जणांनी तिचं नाव ऐकलंय? सिसे तेव्हा नुकताच बर्मिंगहॅमला गेला होता. त्या बोटीत त्याच्या कुटुंबातली दहाहून अधिक माणसं गेली.

यावर मी फार काही बोलणार नाही. एवढंच म्हणतो, की याच्यापुढं पेनल्टी हुकणं ही किती मोठी गोष्ट आहे हे त्या माणसाला कुणी वेगळं सांगायची गरज उरली नसेल.

खुर्ची कुणाची?

सिसे मैदानातून निवृत्त झाला आणि प्रशिक्षणाकडे वळला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला सेनेगलच्या तेवीस वर्षांखालच्या संघाबरोबर तो साहाय्यक होता, पुढं त्या वयोगटाचा मुख्य प्रशिक्षक झाला. मार्च २०१५ मध्ये मुख्य राष्ट्रीय संघ त्याच्याकडे आला.

त्या वेळी परिस्थिती काय होती? २००२ नंतर सेनेगल एकाही विश्वचषकाला पात्र ठरलं नव्हतं. २०१२ च्या आफ्रिकी स्पर्धेत साखळीतले तिन्ही सामने हरून परत आलं. २०१५ मध्येही साखळीतच गारद झालं. प्रशिक्षक येत होते, जात होते. गी स्तेफान, कास्पर्झाक, मग देशातले लामिन एनदियाय आणि आमारा त्राओरे, मग पुन्हा फ्रेंच आलँ जिरेस. देशी झाला, परदेशी आणा. परदेशी झाला, देशी आणा, असा प्रकार चाललेला.

आफ्रिकी फुटबॉलमधली ही जुनी सवय आहे. मोठी स्पर्धा जवळ आली की युरोपातून माणूस बोलवायचा. फ्रेंच भाषेत त्याला उपरोधानं 'गोरा मांत्रिक' असं म्हणतात. आता, परदेशी प्रशिक्षक वाईटच असतात असं मला म्हणायचं नाही. एर्व्ह रनारनं झांबिया आणि आयव्हरी कोस्ट अशा दोन देशांना आफ्रिकेचं अजिंक्यपद मिळवून दिलं. आणि देशी प्रशिक्षक जिंकत नव्हते असंही नाही. घानाचे चार्ल्स ग्याम्फी तीनदा जिंकले, इजिप्तचे हसन शेहाता सलग तीनदा, नायजेरियाचा स्टीफन केशी २०१३ मध्ये. मुद्दा क्षमतेचा नाहीच. मुद्दा हा की परदेशी माणूस हरला तर 'त्याला आपली माणसं कळली नाहीत' म्हणतात. देशी माणूस हरला तर 'आपल्या माणसांना हे काम जमतच नाही' म्हणतात. पहिल्यात एक माणूस नापास होतो, दुसऱ्यात सगळा देश.

रशियात २०१८ च्या विश्वचषकात बत्तीस संघ होते. त्यात कृष्णवर्णीय प्रशिक्षक एकच होता, आलियू सिसे. पत्रकारांनी छेडल्यावर त्याचं म्हणणं साधारण असं होतं की ही गोष्ट खरी आहे, पण फुटबॉल सगळ्या जगाचा आहे आणि कातडीच्या रंगाला त्यात महत्त्व नसावं. आफ्रिकेत प्रशिक्षकांची नवी पिढी तयार होते आहे आणि एक दिवस आफ्रिकी देश विश्वचषक जिंकेल.

हरत हरत पुढं

आता त्याच्या हरण्याची यादी बघा.

२०१७, गॅबन. उपांत्यपूर्व फेरी, समोर पुन्हा कॅमेरून, पुन्हा गोलशून्य, पुन्हा पेनल्टी. शेवटची पेनल्टी सादियो मानेची. गोलरक्षक ओन्दोआनं ती अडवली. सेनेगल बाहेर. माने मैदानावर रडत होता आणि त्याचा प्रशिक्षक असा माणूस होता, ज्यानं पंधरा वर्षांपूर्वी याच देशाविरुद्ध हेच भोगलं होतं. मानेही कासामान्सच्याच बाजूचा, बांबाली नावाच्या खेड्यातला.

२०१८, रशिया. पोलंडला हरवलं, जपानशी २–२ बरोबरी, कोलंबियाकडून ०–१ हार. सेनेगल आणि जपान यांचे गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोल सारखे. मग बघितलं काय, तर पिवळी कार्डं. जपानची चार, सेनेगलची सहा. विश्वचषकाच्या इतिहासात कार्डांच्या हिशेबावर बाहेर पडलेला हा पहिला संघ. सिसेनं आरडाओरडा केला नाही. नियम आधीपासून ठाऊक होता, तो मान्य करायला हवा, अशी त्याची भूमिका राहिली.

२०१९, इजिप्त. सतरा वर्षांनी सेनेगल पुन्हा अंतिम फेरीत. कैरोमध्ये समोर अल्जीरिया, त्यांचा प्रशिक्षक जमाल बेलमादी. हा बेलमादी शाँपिन्यीचाच, म्हणजे सिसे ज्या उपनगरात वाढला तिथलाच. जन्म २५ मार्च १९७६, सिसेनंतर बरोब्बर एक दिवस! तोही मिडफिल्डरच होता. एकाच उपनगरात वाढलेली दोन मुलं आफ्रिकेच्या अंतिम सामन्यात दोन बाजूंना उभी. दुसऱ्याच मिनिटाला अल्जीरियाच्या बुनेजाचा फटका सेनेगलच्या बचावपटूला लागून उडाला आणि गोलरक्षकाच्या डोक्यावरून आत गेला. ०–१. उरलेल्या वेळात सेनेगलला तो गोल फेडता आला नाही. म्हणजे सिसे खेळाडू म्हणूनही अंतिम फेरीत हरला आणि प्रशिक्षक म्हणूनही.

इथं सेनेगलच्या महासंघापुढं नेहमीचा रस्ता मोकळा होता. आभार मानायचे आणि नवा माणूस आणायचा. त्यांनी तसं केलं नाही. सिसेला ठेवलं.

दरम्यान सिसे काय करत होता? दोन प्रकारचे खेळाडू त्याला एकत्र बांधायचे होते. एक, सेनेगलमध्येच घडलेले. 'जेनेरासियाँ फूट' या अकादमीतून आलेले माने आणि इस्माइला सार, 'दियांबार्स'मधून आलेला इद्रिसा गे. दुसरे, फ्रान्समध्ये जन्मलेले, कालिदू कुलिबाली, एदुआर मेंडी. कुलिबाली तर फ्रान्सच्या युवा संघाकडून खेळलेला. त्यानं सेनेगल निवडलं आणि २०१५ मध्ये सिसेच्या हाताखाली पहिला सामना खेळला. सिसेला दोन्ही बाजू कळत होत्या, कारण तो स्वतः अर्धा झिगिंशोरचा आणि अर्धा शाँपिन्यीचा. २००२ चा गोलरक्षक टोनी सिल्वा त्यानं आपल्या बरोबरच्या प्रशिक्षकांमध्ये घेतला. चेहरे बदलत गेले, पण कणा तोच राहिला. माने, गे, कुयाते, सार हे २०१९ चा अंतिम सामनाही खेळले आणि पुढचाही.

याउंदे, ६ फेब्रुवारी २०२२

पुढची स्पर्धा झाली कॅमेरूनमध्ये. सुरुवात अगदी रडतखडत. कोविडमुळे कुलिबाली आणि मेंडी सुरुवातीच्या सामन्यांना मुकले. तीन साखळी सामन्यांत मिळून सेनेगलचा एकच गोल, तोही झिंबाब्वेविरुद्ध भरपाई वेळेत पेनल्टीवर. देशात टीकेचा भडिमार सुरू झाला. पण बाद फेरीत संघ सावरला आणि अंतिम फेरीत पोहोचला. समोर मोहम्मद सालाहचा इजिप्त.

सातव्या मिनिटाला सेनेगलला पेनल्टी मिळाली. मारायला आला माने. आता लक्षात घ्या, २०१७ मध्ये त्याची हुकली होती. २०१९ मध्ये केनिया आणि युगांडाविरुद्धही हुकल्या, तेव्हा तो आपणहून बाजूला झाला होता. आता पुन्हा तो पुढं आला आणि पुन्हा अडवली गेली. इजिप्तचा गोलरक्षक गाबास्कीनं ती बाहेर काढली.

एकशेवीस मिनिटांनंतरही ०–०. शूटआऊट. इजिप्तचा एक फटका खांबाला लागला, सेनेगलच्या बूना सारचा अडवला गेला, मग इजिप्तच्या लाशीनचा मेंडीनं अडवला. सेनेगलची पाचवी पेनल्टी. ती घालवली नाही तर चषक. आणि मारणारा कोण? माने. त्याच दिवशी सुरुवातीला ज्याची हुकली होती तोच. या वेळी चेंडू जाळ्यात गेला. ४–२. सेनेगल पहिल्यांदा आफ्रिकेचं विजेतं झालं. दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी जाहीर झाली.

लोक याला नशिबाचा खेळ म्हणतात. पेनल्टीत नशीब असतंच. पण हुकलेल्या माणसाला पाचव्या, म्हणजे सर्वांत जड पेनल्टीवर पाठवणं हा नशिबाचा भाग नाही, तो निर्णय आहे. एक चूक म्हणजे तो माणूस नव्हे, ही गोष्ट त्या संघात मुरलेली होती. ती मुरायला सात वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी कतारच्या विश्वचषकात आफ्रिकेचे पाच संघ होते, आणि इतिहासात पहिल्यांदा पाचही संघांचे प्रशिक्षक त्या त्या देशाचेच होते. कॅमेरूनचा प्रशिक्षक होता रिगोबेर साँग, बामाकोच्या त्या २००२ च्या अंतिम सामन्यातला सिसेचा प्रतिस्पर्धी. मोरोक्कोच्या वालिद रेग्रागीनं तर आपला संघ उपांत्य फेरीत नेला, आफ्रिकेतून पहिल्यांदाच. सिसेचा संघ जखमी मानेशिवाय बाद फेरीत पोहोचला आणि इंग्लंडकडून ०–३ असा हरला.

दुसरी बाजू

आता तुम्ही विचाराल की हे सगळं ठीक, पण ही पिढीच एवढी गुणी होती, कुणीही प्रशिक्षक असता तरी जिंकलीच असती. हा आक्षेप सेनेगलमध्येही घेतला गेला. सिसेचा खेळ फार सावध आहे, इतके चांगले आघाडीचे खेळाडू असून गोल कमी होतात, अशी टीका सतत झाली. त्यात तथ्यही आहे. पाणक्याच्या जागेवर घडलेला माणूस आधी गळती बंद करतो, मग पाणी भरतो.

आणखी एक अवघड गोष्ट आहे. जानेवारी २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या स्पर्धेत सेनेगल साखळीतले तिन्ही सामने जिंकलं आणि पुढच्याच फेरीत यजमानांकडून पेनल्टीवर हरलं. यजमानांनी स्पर्धा चालू असताना आपला फ्रेंच प्रशिक्षक बदलला होता. हंगामी म्हणून एमेर्स फाए आला होता, तोही जुना मिडफिल्डर आणि देशाचाच खेळाडू. तो काही दिवसांत थेट अजिंक्यपदापर्यंत गेला! मग वेळ दिला की यश मिळतं या म्हणण्याचं काय झालं?

माझं म्हणणं असं आहे. वेळ दिला की चषक मिळतोच असं नाही. एखादी स्पर्धा कुणी चार सामन्यांतही जिंकू शकतो. पण वेळ मिळाल्यामुळे दोन अंतिम सामने, सलग दोन विश्वचषक आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पराभवानंतर न विस्कटणारा संघ मिळतो. आणि देशी माणसाला तो वेळ मिळाल्यामुळे पुढच्या देशी माणसाची वाट सोपी होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेनेगलच्या क्रीडा मंत्रालयानं सिसेचा करार वाढवायला नकार दिला. साडेनऊ वर्षं संपली. यातलं बरं-वाईट तुम्ही ठरवा. पण त्याच्या जागी आला कोण, हे बघण्यासारखं आहे. पाप थियाव. स्वीडनविरुद्धच्या गोल्डन गोलसाठी टाचेनं पास देणारा २००२ च्या संघातला खेळाडू. या वेळी 'गोरा मांत्रिक' आणला गेला नाही. जून २०२५ मध्ये थियावच्या संघानं इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर ३–१ असं हरवलं. इंग्लंडला हरवणारा आफ्रिकेतला हा पहिला संघ.

आणि सिसे? मार्च २०२५ मध्ये त्यानं लिबियाचा संघ हाती घेतला. लिबिया विश्वचषकाला कधीच पात्र ठरलेलं नाही, आणि २०१२ नंतर आफ्रिकी स्पर्धेतही दिसलेलं नाही. म्हणजे पुन्हा मागं राहून, मोकळ्या जागा भरत, हल्ले मोडत सुरुवात करायची. हे काम त्याला नवं नाही.

आज इथंच थांबू.